तो टूथब्रश ओळखू आला पाहिजे

गेली काही वर्षं मी किनाऱ्यावर, नाल्याकाठी, भंगारात जे सापडेल ते गोळा करून त्यातून पक्षी, मासे, कासवं बनवतेय आणि आता एक गोष्ट अगदी मनापासून सांगायचीये, सापडलेल्या वस्तूला रंग फासू नका. सोनेरी स्प्रे तर अजिबातच नको.

माझा पहिला मासा कंगवे, झाकणं, चमचे यांचा होता आणि मी तो अख्खा निळा रंगवला होता. लोक यायचे, "किती सुंदर" म्हणायचे, फोटो काढायचे आणि पुढे जायचे. नंतर एक पक्षी केला, पोट उघडं, तारेच्या जाळीचं, आणि आत एक लायटर, बाटल्यांची झाकणं, पेनाचं टोपण, एक टूथब्रश, सगळं सापडलं तसंच. एक सात-आठ वर्षांची मुलगी कितीतरी वेळ त्याच्यासमोर उभी राहिली आणि मग आईला म्हणाली, "आपला पण असाच ब्रश होता ना, तो कुठे गेला?" आईला काही उत्तर देता आलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही.

तो पक्षी मनात आला मिडवे बेटांमुळे. पॅसिफिकमध्ये, होनोलुलूपासूनसुद्धा 2,000 किलोमीटरहून लांब, आणि तिथल्या अल्बट्रॉस या मोठ्या समुद्रपक्ष्याच्या मेलेल्या पिल्लांच्या पोटात लायटर आणि झाकणं निघतात कारण आईबाप समुद्रावर तरंगणारं प्लास्टिक खाणं समजून त्यांना भरवतात. क्रिस जॉर्डन या फोटोग्राफरने 2009 मध्ये त्या पिल्लांचे फोटो काढले, एकही तुकडा न हलवता. ते फोटो विसरता येत नाहीत कारण त्यातली प्रत्येक वस्तू आपल्या घरातली वाटते.

नेकचंदांचं चंदीगडचं रॉक गार्डन घ्या. रोड इन्स्पेक्टरची नोकरी करणारा माणूस, 1957 च्या सुमारास जंगलात कुणाला न सांगता भंगारातून शिल्पं करायचं काम सुरू केलं, 1976 ला ते लोकांसाठी खुलं झालं. तिथल्या बाहुल्यांच्या अंगावर फुटक्या बांगड्यांचे कपडे आहेत आणि बांगडी बांगडीच दिसते. आणि नवीन शहर वसवायला जी गावं उठवली त्यांचंही भंगार त्यात आहे, म्हणजे मोडलेल्या घरांची गोष्टच तिथे उभी आहे. घानाचे शिल्पकार एल अनात्सुई दारूच्या बाटल्यांची झाकणं चपटी करून तांब्याच्या तारेने शिवतात, लांबून भरजरी कापड वाटतं पण जवळ गेलं की झाकणांवरची नावं वाचता येतात. ती वाचता येतात म्हणूनच युरोपातून आफ्रिकेत आलेल्या दारूचा, त्या सगळ्या व्यापाराचा इतिहास डोळ्यांसमोर येतो. नुसती चकाकी असती तर तो आला नसता.

दुसरं म्हणजे नवीन सामान आणून "टाकाऊतून टिकाऊ" करणं बंद करा प्लीज. एका शाळेत वर्कशॉप घेतलं तेव्हा निम्म्या मुलांच्या हातात स्ट्रॉची आणि कागदी कपांची नवी कोरी पाकिटं होती, पालकांनी आदल्या दिवशी आणलेली. मुलांची चूक नाही, पण मला फार वाईट वाटलं, कारण जी वस्तू कुणी वापरलीच नाही तिच्याकडे सांगायला काय असणार?

करणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. बाटल्यांची झाकणं, शाम्पूच्या बाटल्या हे प्लास्टिक गोंदाला नीट धरत नाही, आज चिकटवलं की काही दिवसांनी सुटतं, त्यामुळे भोक पाडा आणि तारेने बांधा. पुढे शिल्प सोडवायचं झालं तर सगळं वेगवेगळं करून रिसायकलिंगला देता येतं, ग्लू-गनने केलेलं तसं सुटत नाही. पॉलिश पेपरने प्लास्टिक घासू नका, तो भुगा म्हणजे मायक्रोप्लास्टिकच, तो आपणच हवेत आणि नाल्यात सोडतो. आणि उन्हात ठेवू नका, प्लास्टिक ठिसूळ होऊन तुकडे गळायला लागतात, मग आपलं शिल्पच कचरा करत बसतं. मी हे सगळं चुकून चुकून शिकले.

आत्ता टेबलावर एक रबरी चप्पल आहे. अंगठ्याच्या जागी खोल खड्डा पडलाय, टाच बाहेरच्या बाजूने झिजलीये, पट्टा तुटलेला तो कुणीतरी सुतळीने बांधलाय, म्हणजे त्या माणसाने ती टाकायच्या आधी बरीच टिकवली होती. कासवाच्या पाठीवर बसवायचीये. उलटी लावली तर तळाची नक्षी हुबेहूब कवचासारखी दिसते पण खड्डा आणि सुतळी झाकली जाते. दोन दिवस ठरत नव्हतं. सुलटीच लावतेय.