हॅमिल्टन नव्हे, निकोल्सन

अमेरिकेच्या १८०० च्या निवडणुकीचा विषय निघाला की हमखास ऐकू येतं : विरोधी फेडरलिस्ट पक्षाचा नेता हॅमिल्टन, त्याने शब्द टाकला म्हणून जेफरसन अध्यक्ष झाला. मला हे पटत नाही. माझ्या लेखी त्या आठवड्याचा मोठा माणूस म्हणजे प्रतिनिधिगृहातला मेरीलँड राज्याचा आजारी सभासद जोसेफ निकोल्सन.

पेच असा होता. तेव्हा अध्यक्ष निवडणाऱ्या प्रत्येक निर्वाचकाला दोन मतं असत आणि अध्यक्षासाठी कुठलं, उपाध्यक्षासाठी कुठलं हे वेगळं सांगायची सोयच नव्हती. जेफरसन आणि त्याच्याच पक्षाने उपाध्यक्षपदासाठी उभा केलेला आरन बर, दोघांनाही ७३-७३ मतं पडली. निर्णय संसदेच्या प्रतिनिधिगृहाकडे गेला, आणि जुन्या गृहात बहुमत हरलेल्या फेडरलिस्टांचं! मतदान माणशी नव्हे, राज्यामागे एक मत. राज्यं १६, जिंकायला ९ हवीत. ११ फेब्रुवारी १८०१, पहिली फेरी : जेफरसन ८, बर ६, मेरीलँड आणि व्हरमाँटमध्ये बरोबरी.

मेरीलँडचे आठ सभासद, चार इकडे, चार तिकडे. निकोल्सन तापाने फणफणलेला. तो घरी राहिला असता तर मेरीलँड सरळ बरच्या पदरात पडलं असतं. भर बर्फात त्याला अर्धवट बांधलेल्या कॅपिटॉलमध्ये, म्हणजे संसद भवनात, उचलून आणलं, सभागृहाशेजारच्या खोलीत अंथरूण टाकलं. बायको उशाशी बसलेली. फेरी आली की पडल्या पडल्या तो चिठ्ठीवर जेफरसनचं नाव लिहायचा. हे वाचताना दरवेळी माझ्या घशात आवंढा येतो.

पण एक गोष्ट सलते, ती लपवणार नाही. जेफरसनच्या त्या ७३ मतांत गुलामांमुळे वाढलेली मतंही होती. दक्षिणेची मतं ठरवताना पाच गुलामांमागे तीन माणसं धरायची, आणि मतदानाचा हक्क त्यातल्या एकालाही नाही.

आता हॅमिल्टन. जेफरसनशी उभं वैर असून त्याने बरविरुद्ध पत्रं धाडली, हे मी मानतो. डेलावेअरच्या जेम्स बेयर्डलाही जानेवारीतच लिहिलं होतं. बेयर्ड त्या राज्याचा एकुलता एक सभासद, म्हणजे एकटाच एक अख्खं राज्य. तरी त्याने ३५ फेऱ्या बरलाच मत दिलं. पत्राने फिरायचाच असता तर पहिल्याच फेरीत फिरला असता. तो नमला तेव्हा नव्या अध्यक्षाने सूत्रं घ्यायचा दिवस, ४ मार्च, तोंडावर आला होता, अध्यक्षाविना देश राहायची वेळ होती, व्हर्जिनिया आणि पेनसिल्व्हेनियात मिलिशिया (राज्याचं नागरी सैन्य) बोलावण्याची भाषा सुरू होती. जेफरसनकडून आश्वासनं मिळाली असं बेयर्ड पुढे सांगत राहिला, जेफरसन नाकारत राहिला.

१७ फेब्रुवारी, ३६ वी फेरी. बरला मत देत आलेला एकही फेडरलिस्ट जेफरसनकडे वळला नाही, काही जण फक्त बाजूला झाले. व्हरमाँटचा त्यांचा माणूस गैरहजर राहिला. बेयर्डने कोरी चिठ्ठी टाकली. मेरीलँडच्याही चार चिठ्ठ्या कोऱ्या निघाल्या, आणि चार जेफरसनच्या. त्यातली एक निकोल्सनची.