लाल रेघेखाली कुणाच्या जमिनीचा गट आहे?

तुमच्या लेखासोबतचा नियोजित शक्तिपीठ (नागपूर-गोवा) महामार्गाचा नकाशा मोठा करून पाहिला. वर्ध्याजवळचं पवनार ते गोव्याच्या सीमेवरचं पत्रादेवी, मूळ आराखड्यात बारा जिल्हे, सुमारे ८०२ किलोमीटर. आणि दाखवलीय फक्त एक लाल रेघ. या प्रमाणात रेघेची जाडीच दोन-तीन किलोमीटर भरते. आमची विहीर बांधाला लागून आहे, ती जाते की वाचते हे यातून कसं कळावं? कृपया गावनिहाय, गट क्रमांकांसह नकाशे द्या. माहूर, औंढा नागनाथ, परळी, तुळजापूरचे जोडरस्ते मुख्य रस्त्याला कुठे मिळणार तेही हवं. महामार्गावर चढण्या-उतरण्याच्या वळणांना तिथेच जास्त जमीन लागते. आणि आखणी बदलली तर जुनी रेघ पुसू नका, तारीख टाकून फिक्या रंगात राहू द्या.