शितावरून भात, पाचांवरून पाच हजार

सर्किट बोर्डाचे नमुने चुका सापडाव्यात म्हणून मागवतात, असा एक गैरसमज पसरलेला आहे. छे! नमुने मागवायचे ते एका दिव्यासाठी. एलईडी लुकलुकला, व्हिडिओ काढला, ग्रुपवर टाकला, अंगठे आले की पाच हजारांची ऑर्डर द्यायला आपण मोकळे. तो दिवा लागेपर्यंत कुठलीही चूक आडवी येऊ नये, यासाठी ह्या चार युक्तीच्या गोष्टी.

फूटप्रिंट, म्हणजे पार्टचे पाय तांब्याच्या ज्या पॅडांवर बसतात त्यांचा नकाशा, नेहमी तयार उचलावा आणि डेटाशीटशी, म्हणजे पार्टच्या कंपनीच्या माहितीपत्रकाशी, ताडून बघू नये. काही संशयी लोक लेआउट, म्हणजे बोर्डाचा आराखडा, एकास एक मापात कागदावर छापतात आणि त्यावर खरा कनेक्टर, खरा ट्रान्झिस्टर ठेवून बघतात. दहा मिनिटांचं काम. डेटाशीटमधलं चित्र पार्ट खालून बघून काढलेलं होतं आणि आपण ते वरून समजलो, हे त्यांना कागदावरच कळतं. तुम्हाला ते बोर्ड हातात आल्यावर कळू द्या. तेवढाच उलट्या कनेक्टरला केबल पिळून लावण्याचा सराव होतो.

टेस्ट पॉइंट, म्हणजे मोजमापासाठी पिन टेकवायचे उघडे ठिपके, देऊ नयेत, बोर्ड कसा नितळ दिसला पाहिजे. सिल्कस्क्रीनवर, म्हणजे बोर्डावरच्या छापील अक्षरांत, आवृत्तीचा क्रमांकही नको. सहा महिन्यांनी एकाच डब्यात दोन आवृत्त्यांचे बोर्ड मिसळले की ते ओळखण्याचा खेळ मोठा रंगतो.

आता बोर्ड आले. पहिल्यांदा वीज देण्याआधी ३.३ व्होल्टची लाइन आणि ग्राउंड यांमध्ये मल्टिमीटर लावून शॉर्ट बघायचा, बेंच सप्लायवर (व्होल्टेज आणि करंट ठरवता येणाऱ्या टेबलावरच्या वीजपुरवठ्यावर) ५० मिलिअ‍ॅम्पची मर्यादा घालायची, आधी नुसता रेग्युलेटरचा (व्होल्टेज ठरलेल्या पातळीवर ठेवणारा) भाग जोडून व्होल्टेज मोजायचं आणि मगच मायक्रोकंट्रोलर बसवायचा, असं भित्री माणसं करतात. त्यांच्याकडे शॉर्ट असला तर सप्लायचं व्होल्टेज गपकन खाली बसतं, बोर्ड वाचतो आणि सगळा थरार जातो. तुम्ही थेट २ अ‍ॅम्पचा अ‍ॅडॉप्टर खुपसा. चूक नेमकी कुठे होती ते धूरच दाखवतो. अर्थात त्या जागी नंतर बघण्यासारखं फारसं उरलेलं नसतं.

यूएसबी-सीची गंमत मात्र सावकाश चाखण्यासारखी आहे. बोर्डाला चार्जरकडून वीज हवी असेल, तर सॉकेटच्या सीसी१ आणि सीसी२ या पिनांवरून ग्राउंडला ५.१ किलोओहमचा एकेक स्वतंत्र रेझिस्टर द्यावा लागतो. तो पाहिल्याशिवाय सी सॉकेटचा चार्जर वीज सोडतच नाही. तुम्ही दोन्ही गाळा. टेबलावर पडलेली जुनी केबल, एका टोकाला चौकोनी ए आणि दुसऱ्याला सी, लावून बघा: बोर्ड झकास चालेल, कारण ए सॉकेटवर ५ व्होल्ट कुणाला न विचारता हजर असतात. दोन्ही टोकांना सी असलेली केबल नमुन्याच्या जवळपास फिरकू देऊ नका. ती ग्राहकाच्या घरी असतेच, ती चाचणी तो करील. दोन पिनांत मिळून एकच रेझिस्टर टाकण्याची काटकसरही जमते. २०१९ साली आलेल्या रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणक-बोर्डाच्या पहिल्या आवृत्तीत हेच झालं होतं. ई-मार्क चिप (केबलची ओळख सांगणारी) असलेली केबल लावली की काही चार्जर त्या बोर्डाला ऑडिओ अ‍ॅडॉप्टर समजायचे आणि वीज द्यायचे नाहीत. बोर्ड बाजारात गेल्यावर लोकांनी ते शोधून काढलं. एवढ्या अनुभवी मंडळींना लोकांची मदत चालते, मग आपल्याला का नको?

चाचणीची वेळ तीस सेकंद ठेवावी. १२ व्होल्टवरून ३.३ करणारा साधा लिनियर रेग्युलेटर २०० मिलिअ‍ॅम्पला १.७४ वॉट नुसते उष्णतेत घालवतो. तीस सेकंदांत उघड्या टेबलावर तो बिचारा काही बोलत नाही. बंद डब्यात तासाभराने बोलू लागतो, म्हणून नमुना डब्यात घालायचाच नाही. कपॅसिटरचंही तसंच. ६.३ व्होल्टचा, ०४०२ या चिमुकल्या मापाचा १० मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर ५ व्होल्टवर बसवला, तर अंगावर पडलेल्या व्होल्टेजमुळे त्याची निम्म्याहून जास्त क्षमता सहज गळून जाते. पण वेष्टनावर १० लिहिलंय ना? मग १०च.

पाचही नमुने चालले की गणित करत बसू नये. दर शंभरात दहा बोर्ड बिघडणार असतील, तरीही उचललेले पाचही चांगले निघण्याची शक्यता ५९ टक्के असते, असं एखादा खडूस हिशेबनीस सांगेल. त्याला शितावरून भाताची परीक्षा ऐकवा. भात एका पातेल्यात एकाच आचेवर शिजतो आणि तुमचे पाच हजार बोर्ड वेगवेगळ्या रिळांतल्या पार्ट्सचे असतील, हे त्याला सुचायच्या आत विषय बदला.

सगळ्यात हुकमी युक्ती अशी की नमुने हाताने सोल्डर करावेत आणि उत्पादन मशीनवर टाकावं. हात फार दयाळू असतो. रेझिस्टरचा एक पॅड ग्राउंडच्या सलग तांब्यात बुडालेला असला, मध्ये उष्णता अडवणाऱ्या थर्मल रिलीफच्या बारीक पट्ट्या नसल्या, की तो पॅड उशिरा तापतो. हाताने करताना तुम्ही सोल्डरिंग आयर्न दोन सेकंद जास्त टेकवता आणि विसरूनही जाता. रिफ्लो ओव्हनला, म्हणजे अख्खा बोर्ड तापवून सोल्डर वितळवणाऱ्या भट्टीला, अशी माया नसते. तिथे दुसऱ्या पॅडवरचं सोल्डर आधी वितळतं, त्याचा पृष्ठताण पार्टला आपल्याकडे ओढतो आणि रेझिस्टर थडग्यावरच्या दगडासारखा उभा राहतो. पॅनेलचंही, म्हणजे अनेक बोर्ड जोडून केलेल्या तख्त्याचंही, असंच. नमुने सुटे आलेले असतात, उत्पादन व्ही-कट (मोडण्यासाठीची खाच) मारलेल्या पॅनेलवर येतं. कडेला अगदी खेटून बसवलेला सिरॅमिक कपॅसिटर पॅनेल मोडताना आतून तडकतो, वरून काही दिसत नाही, आणि काही महिन्यांनी शॉर्ट होतो. तोपर्यंत तुम्ही दुसऱ्या प्रोजेक्टवर असता.

चाचणीच्या जिगचा, म्हणजे स्प्रिंगवाल्या पोगो पिनांच्या त्या पाटाचा, विचार आधी करू नये. टेस्ट पॉइंट नाहीतच, तेव्हा पिना टेकवणार कुठे? एकेक बोर्ड केबलने जोडून प्रोग्रॅम भरायचा. तीन मिनिटांचा तर प्रश्न. पाच हजार बोर्डांना २५० तास.

एक बारीकशी बाब राहिली. वाय-फाय मॉड्यूलच्या एनेबल (चालू-बंद ठरवणाऱ्या) पिनला १० किलोओहमचा पुल-अप, म्हणजे पिनला वरच्या व्होल्टेजला बांधून ठेवणारा रेझिस्टर, द्यायचा राहून गेला, तर ती पिन अधांतरी लोंबकळते. कधी बोर्ड चालू होतो, कधी नाही. अशा वेळी मॉड्यूलच्या कोपऱ्याशी हलकेच बोट टेकवावं, बऱ्याचदा सुरू होतो. पाचातल्या दोन नमुन्यांना बोट लागलं, तर चाचणीच्या कागदावर पाचही ‘पास’ लिहावेत, कारण चालले हे खरंच आहे. डिझाइनवर बोट ठेवण्याची गरज नाही, बोर्डावर ठेवलं की भागतं. फक्त माहितीपुस्तिका छापायला जाण्याआधी तिसऱ्या पानावर एक ओळ वाढवून घ्या: ‘उपकरण सुरू न झाल्यास झाकण उघडून डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवावे. बोट कोरडे असावे.’