कोल्यूरला मूळ चित्रं नाहीत, हे आम्ही आधी सांगायला हवं होतं

नमस्कार ताई,

आमच्या मे महिन्यातल्या भूमध्य किनाऱ्याच्या सहलीला तुम्ही दोन तारे दिलेत आणि कारणंही सविस्तर लिहिलीत. फ्रेंच चित्रकार मातीसची चित्रं दाखवतो म्हणून फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या कोल्यूर गावाला नेलं आणि रस्त्यावर लावलेल्या छापील प्रती दाखवल्या. एवढ्याशा गावात दोन रात्री घालवल्या, नीस आणि मोनॅको राहून गेलं. शाकाहारी आहोत असं सांगूनही आईंच्या ताटात मासळी आली. स्पॅनिश चित्रकार दालीच्या घरातून घाईघाईने बाहेर काढलं. मी स्वतः तुमच्याबरोबर होतो, म्हणून हे उत्तर ऑफिसातल्या कुणाकडून न लिहून घेता मीच लिहितोय.

आधी ताटाचं. स्पेनमधल्या कादाकेस गावात जी एस्कालिवादा आली ती म्हणजे भाजलेली वांगी, ढोबळी मिरची आणि कांदा, वरून ऑलिव्हचं तेल. पदार्थ मुळात शाकाहारी. पण त्या किनाऱ्यावर त्याच्यावर खारवलेल्या अँचोव्हीच्या पट्ट्या ठेवायची पद्धत आहे. आपल्या मांदेलीच्याच कुळातला हा मासा. शिवाय मांस नको म्हटलं की मासा चालेल, असं तिथे बरेच जण धरून चालतात. हे मला माहीत होतं. तरी मी ‘शाकाहारी’ एवढा एक शब्द ईमेलमध्ये लिहून निर्धास्त राहिलो, ताटं येण्याआधी स्वयंपाकघरात जाऊन बघितलं नाही. आईंनी पहिला घास घेतला होता. त्यांनी जन्मभर जे पाळलं ते माझ्या हलगर्जीपणामुळे मोडलं. त्या दिवशी हॉटेलात मी त्यांची माफी मागितली होती, आज सगळ्यांसमोर मागतो.

आता चित्रांचं. कार्यक्रमपत्रिकेत ‘मातीस आणि देरँ यांची चित्रे जिथे जन्मली ते गाव, चित्रांसह’ असं छापलं होतं. ‘चित्रांसह’ वाचून कुणालाही मूळ चित्रंच दिसतील असं वाटणार. तुमचा राग रास्त आहे. मातीस आणि त्याचा चित्रकार मित्र देरँ यांनी 1905 च्या उन्हाळ्यात तिथे रंगवलेली चित्रं कधीच जगभर गेली. मातीसची ‘उघडी खिडकी’ वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे, कोल्यूरच्या छपरांचं चित्र सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाजमध्ये. गावात आहेत त्या सुमारे 20 प्रती, चित्रकार जिथे उभा राहिला असेल त्या त्या जागी लावलेल्या. पत्रिकेतला तो शब्द काढला आहे.

पण ‘प्रती बघायला इतक्या लांब कशाला जायचं’ या तुमच्या प्रश्नाला मला मनापासून उत्तर द्यायचं आहे. मी मूळचा चित्रकला शिक्षक. एटीडी (चित्रकला शिक्षकाची पदविका) करताना मातीस पहिल्यांदा बघितला तो काळ्या-पांढऱ्या छपाईत, आणि हा माणूस रंगांसाठी का गाजला हे कळेना. पुढे रंगीत छपाईत बघितलं तेव्हा वाटलं, हे रंग त्याने मनानेच घातलेत. गुलाबी होड्या, खिडकीच्या एका बाजूला हिरवी भिंत आणि दुसऱ्या बाजूला राणी रंगाची! कोल्यूरच्या धक्क्यावर सकाळी उभा राहिलो तेव्हा कळलं की सुरुवात डोळ्यांनी बघितलेल्यातूनच झाली होती.

1905 च्या उन्हाळ्यात मातीस तिथे आला तेव्हा 35 वर्षांचा होता. देरँ जुलैमध्ये येऊन मिळाला, तो 25 चा. आदल्याच वर्षी मातीस सँ-त्रोपेला चित्रकार सिन्याकजवळ राहून ठिपक्याठिपक्यांनी रंगवायला शिकला होता. कोल्यूरमध्ये ते ठिपके सुटे झाले, पसरले, त्यांचे पट्टे झाले. देरँने तिथून मित्राला लिहिलेल्या पत्रात सावलीबद्दल सांगितलंय: सावली म्हणजे काळोख नव्हे, तिच्यातही परावर्तित उजेड भरलेला असतो. त्याच वर्षी पॅरिसच्या शरद प्रदर्शनात ही चित्रं लागली आणि एका समीक्षकाने या मंडळींना ‘फोव्ह’, म्हणजे श्वापदं म्हटलं. नाव तेच पडलं.

तुम्हाला आठवत असेल, दुसऱ्या दिवशी सकाळी आई चर्चच्या घंटामनोऱ्यासमोर किनाऱ्यावरच्या गोट्यांवर बसल्या होत्या. होडीखालच्या पाण्याकडे बोट करून त्यांनी मला विचारलं, ‘ही सावली जांभळी कशी हो?’ समोर लावलेल्या प्रतीतही तिथे जांभळाच होता. हे संग्रहालयात होत नाही. तिथे चित्र असतं, होडी नसते. दोन रात्रींचं कारणही हेच. एका दुपारपुरतं आलं तर फक्त डोक्यावरचं ऊन मिळतं, सकाळ-संध्याकाळचा उजेड मिळत नाही. त्यात त्रामोंतान हा उत्तरेकडचा जोरदार वारा सुटला तर अख्खा दिवस हातचा जातो, म्हणून एक दिवस हाताशी ठेवावा लागतो. नीस आणि मोनॅको या सहलीत पुढेही नसतील. ती दोन्ही शहरं दाखवणाऱ्या चांगल्या सहली पुण्यात पुष्कळ आहेत, आणि तुम्हाला तीच हवी होती तर बुकिंगच्या वेळीच आम्ही तसं सांगायला हवं होतं.

दालीचं घर घाईचंच आहे, तिथे माझा इलाज नाही. कादाकेसजवळच्या पोर्तलिगातला त्याने 1930 मध्ये कोळ्याची एक झोपडी घेतली आणि पुढे शेजारच्या झोपड्या जोडत 1982 पर्यंत तिथे राहिला. त्यामुळे खोल्या चिंचोळ्या, म्हणून आधी वेळ ठरवून लहान लहान गट सोडतात. पण बाहेर काप दे क्रेउस या भूशिराचे वाऱ्याने झिजलेले खडक आहेत, दालीच्या वितळलेल्या घड्याळांच्या चित्रात मागे दिसतात ते. त्यांच्यासाठी मी जेमतेम अर्धा तास ठेवला होता, ही चूक माझी. घाटाच्या वळणांनी निम्मी मंडळी बेजार झाली होती हे लक्षात घेऊन कादाकेसला एक मुक्काम करायला हवा होता.

पुढच्या सहलीपासून तो मुक्काम केला आहे. कोल्यूरहून अर्धा दिवस सेरेच्या आधुनिक कला संग्रहालयासाठी ठेवला आहे. पिकासो आणि ब्राक जिथे राहून रंगवत होते ते हे गाव, आणि मातीसने कोल्यूरची आपली मूळ रेखाटनं या संग्रहालयाला दिली आहेत. त्या आठवड्यात भिंतीवर नेमकं काय आहे ते संग्रहालयाला विचारूनच पत्रिकेत छापू. शाकाहारी मंडळींसाठी कॅटलान आणि फ्रेंचमध्ये ‘मांस नको, मासा नको, अँचोव्हीही नको’ असं लिहिलेली कार्डं केली आहेत, आणि ताट आधी मी बघणार.

तुमच्या दोघींचे त्या दिवसाच्या जेवणाचे आणि दालीच्या घराच्या तिकिटांचे पैसे परत करतो आहोत. सोमवारी ऑफिसातून फोन येईल. आईंनी किनाऱ्यावर काढलेले फोटो माझ्याकडे राहिलेत, तेही पाठवतो.

तुमचा,
सहल संचालक, पुणे