'द म्युझिक बॉक्स'मधील पायऱ्या आणि पियानो: एका प्रतिक्रियेला उत्तर

सस्नेह नमस्कार.

लॉरेल आणि हार्डी या विनोदी जोडीच्या 'द म्युझिक बॉक्स' या १९३२ सालच्या लघुपटावरील माझ्या लेखाला आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, याबद्दल आभार. आपले तीन आक्षेप आहेत. पियानो पायऱ्यांवरून घरंगळत खाली येतो हा एकच विनोद येथे अर्धा तास ताणला आहे, हा पहिला. असे चित्रपट दोन विनोदी नट कॅमेऱ्यासमोर मोकळे सोडले की आपोआप घडतात आणि म्हणून त्यांच्या 'रचने'विषयी बोलणे अवास्तव आहे, हा दुसरा. घाम गाळणाऱ्या हमालांच्या फजितीवर हसणे आपल्याला निर्दय वाटते, हा तिसरा. हा तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. परंतु त्याचे उत्तर चित्रपट कसा घडला यातच दडलेले असल्यामुळे सुरुवात दुसऱ्या आक्षेपापासून करतो.

हा चित्रपट ऐनवेळी सुचलेला नाही. लॉस एंजेलिसच्या सिल्व्हर लेक भागात व्हेंडोम स्ट्रीटवर दोन घरांच्या मधून चढत जाणारा १३३ पायऱ्यांचा एक अरुंद सार्वजनिक जिना आहे. निर्माते हॅल रोच यांच्या कल्व्हर सिटी येथील स्टुडिओने याच जिन्यावर १९२७ साली लॉरेल-हार्डी यांना घेऊन 'हॅट्स ऑफ' हा मूकपट केला होता. त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही, परंतु कथानक नोंदींमधून माहीत आहे. त्यात हे दोघे कपडे धुण्याचे यंत्र विकणारे फिरते विक्रेते आहेत आणि गिऱ्हाईक मिळेल या आशेने ते यंत्र त्या जिन्यावरून वर नेतात. चार वर्षांनी, १९३१ च्या डिसेंबरात, तीच मंडळी त्याच पायऱ्यांवर परतली, तेव्हा मूळ कल्पनेत दोन बदल झालेले होते. माझ्या मते चित्रपटाचे सारे सामर्थ्य या दोन बदलांत आहे.

पहिला बदल असा, की आता ते विक्रेते नाहीत, माल पोहोचवणारे आहेत. विक्रेता कंटाळला तर यंत्र उचलून दुसऱ्या दारी जाऊ शकतो. हमालाला तशी मोकळीक नसते. पियानो आधीच विकला गेला आहे, एका बाईने तो नवऱ्याच्या वाढदिवसाला भेट म्हणून घेतला आहे, पत्ता ठरलेला आहे आणि ते घर जिन्याच्या अगदी वरच्या टोकाला आहे. माघार घेण्याची वाट कथेतूनच बंद केल्यामुळे पुढची प्रत्येक चढाई अपरिहार्य ठरते. हे दोन नटांच्या उत्स्फूर्ततेतून निघणारे नाही. कागदावर कोणीतरी बसून विचार केल्याशिवाय अशी गाठ पडत नाही.

दुसरा बदल वस्तूचा. यंत्राच्या जागी पियानो आला, कारण रोच यांच्या स्टुडिओत १९२९ पासून बोलपट सुरू झाले होते. लाकडी खोक्यात बंद असलेला पियानो बराच वेळ आपल्याला दिसतच नाही, तो केवळ ऐकू येतो. खोके एका पायरीवर आपटले की आतल्या तारा झणझणतात, आणि ते पूर्ण जिना उतरून रस्त्यावर जाते तेव्हा त्या आवाजातून आतल्या वाद्याचे काय होत असेल याची कल्पना प्रेक्षक स्वतःच करतो. त्या काळात बोलपट म्हणजे अखंड बडबड असा समज अनेक स्टुडिओंनी करून घेतला होता, आणि तेव्हाच्या अवजड सामग्रीमुळे बाहेरच्या जागी ध्वनिमुद्रण करणे सोपे नव्हते. अशा वेळी संवाद मोजके ठेवून आवाजाला थेट विनोदाच्या कामाला लावणे, हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता. तो मला आजही थक्क करतो.

आता 'एकच विनोद' या मुद्द्याकडे वळू. पियानो पुन्हा पुन्हा खाली येतो हे खरे, पण तो का येतो हे प्रत्येक वेळी बदलते. एकदा बाबागाडी घेऊन उतरणाऱ्या दाईला वाट देण्याच्या सौजन्यापायी तो हातचा सुटतो. दाईशी झालेल्या झटापटीची तक्रार पोलिसाकडे जाते, पोलीस खालून बोलावतो, आणि कायद्याची आज्ञा पाळता पाळता तो पुन्हा निसटतो. पुढे पदव्यांची लांबलचक माळ सांगणारा एक प्रोफेसर वाट अडवल्याबद्दल संतापतो. बिली गिल्बर्ट यांनी ही भूमिका फार उत्तम केली आहे. सौजन्य, कायदा, प्रतिष्ठा अशा एकेका सामाजिक मागणीची किंमत ते खोके वसूल करत जाते. शिवाय प्रेक्षकाला पुढे काय होणार हे आधीच ठाऊक असते. त्यामुळे हसू पियानो पडण्यापेक्षा तो पडण्याची वाट पाहण्यातून येते. ही प्रतीक्षा किती लांबवायची, याच हिशेबावर असा विनोद उभा राहतो किंवा कोसळतो.

तो हिशेब कोणी केला, याबद्दल आपण विचारले आहे. श्रेयनामावलीत दिग्दर्शक म्हणून जेम्स पॅरट यांचे आणि संवादांसाठी एच. एम. वॉकर यांचे नाव आहे, आणि त्यांचे श्रेय मी नाकारत नाही. परंतु या जोडीच्या चित्रपटांत विनोदाची जुळणी आणि नंतरचे संकलन यांत स्टॅन लॉरेल यांचा हात सर्वाधिक असे, हे त्यांच्या सहकाऱ्यांनी आणि खुद्द ऑलिव्हर हार्डी यांनीही मान्य केले आहे. इंग्लंडच्या म्युझिक हॉलमध्ये, म्हणजे करमणुकीच्या रंगमंचांवर, आणि फ्रेड कार्नो यांच्या विनोदी नाट्यकंपनीत लॉरेल घडले होते. प्रसंग शक्यतो कथेच्या क्रमानेच चित्रित करावेत असा त्यांचा आग्रह असे. रोच यांच्याकडे चित्रपट प्रकाशनापूर्वी खऱ्या प्रेक्षकांना दाखवून पाहत आणि हशा किती वेळ टिकतो त्यानुसार जागा कमी-जास्त करत. हार्डी कॅमेऱ्याकडे पाहून जो हताश विराम घेतात, त्याची लांबी अशाच निरीक्षणातून ठरत असे. एरवी दोन रिळांत (एक रीळ सुमारे दहा मिनिटांचे) संपणारे हे लघुपट. हा तीन रिळांचा झाला, हेही प्रत्येक चढाईला पुरता वेळ दिल्याचेच लक्षण आहे. पुरस्काराविषयी आपण लिहिले आहे ते योग्यच आहे: या चित्रपटाला मिळालेले विनोदी लघुपटासाठीचे ऑस्कर त्या वर्षी प्रथमच दिले गेले, आणि मी माझा युक्तिवाद त्यावर उभा करत नाही.

राहिला निर्दयतेचा आक्षेप. आपल्याकडे जाड्या-रड्या म्हणून पिढ्यान्‌पिढ्या ओळखली जाणारी ही जोडी येथे कामचुकार नाही, हे कृपया पुन्हा पाहा. त्यांच्या घोडागाडीवरील पाटीप्रमाणे त्यांचा व्यवसाय १९३१ सालचा, म्हणजे ऐन महामंदीतला आहे. घोडा एक पाऊल पुढे सरकतो आणि पाठीवर घ्यायचे खोके हार्डी यांच्या अंगावर येते, त्या क्षणापासून वजन हाच चित्रपटाचा विषय होतो. गुडघे कसे वाकतात, पाय पुढची पायरी कशी चाचपतो, श्वास घ्यायला ते कुठे थांबतात, हे सारे इतके अचूक आहे की ओझे वाहिलेल्या माणसाला ते परके वाटणार नाही. श्रम खोटे वाटले असते तर फजिती टिंगल ठरली असती. येथे श्रम आधी खरे केले आहेत, आणि हसू त्या श्रमांचे नसून त्यांना न जुमानणाऱ्या परिस्थितीचे आहे.

पोस्टमनचा प्रसंग मी याच दृष्टीने पाहतो. पियानो अखेर वर पोहोचल्यावर पोस्टमन त्यांना सांगतो की घरापर्यंत गाडीचा रस्ता आहे, आणि हे दोघे तो पियानो तेवढ्याच निष्ठेने पुन्हा खाली नेतात, जेणेकरून तो रीतसर रस्त्याने वर आणता यावा. आपण याला मूर्खपणाची परिसीमा म्हटले आहे. मूर्खपणा आहेच, पण काम योग्य पद्धतीनेच झाले पाहिजे अशी त्यामागची श्रद्धा मला विलक्षण हृद्य वाटते, आणि संपूर्ण चित्रपटातील सर्वोत्तम कल्पना मी तिलाच मानतो.

घरात शिरल्यानंतरचा भाग जिन्यावरच्या भागाइतका घट्ट नाही, हे आपले निरीक्षण मात्र मला पटते. कारंज्याच्या हौदातील पडापड आणि कप्पी-दोराने पियानो वर ओढण्याचा खटाटोप या गोष्टी इतर अनेक विनोदी लघुपटांत शोभल्या असत्या. तरीही पियानो वाजू लागल्यावर पसारा आवरता आवरता दोघे ज्या नजाकतीने नाचतात, तो तुकडा मी कापू देणार नाही. इतका वेळ ज्या देहांचे आपण केवळ ओझे पाहिले, ते किती हलके होऊ शकतात हे तेथे प्रथमच दिसते, आणि जिन्यावरची प्रत्येक धडपड किती कसलेल्या अंगांनी केलेली होती हेही तेव्हाच कळते.