घोट्यात गादी चिकटवत नाहीत, खुंटी बसवतात

सोलापुरातल्या गल्लीच्या, कारखान्याच्या आणि यात्रेच्या ग्रुपांवर एक मजकूर फिरतो आहे. त्याचा सारांश असा: घोट्यातली गादी झिजली की गुडघ्यातली गादी काढून तिथे चिकटवतात. गुडघ्यातली जाड असल्यामुळे ती जास्त टिकते. थोडी उंच बसली तरी चालून चालून दबते. सगळं दुर्बिणीतून होतं, दोन आठवड्यांत माणूस कामावर. संधिवात असला तरी चालतं आणि गुडघ्याला काहीच होत नाही. यातल्या दोनच गोष्टी खऱ्या आहेत: तुकडा गुडघ्यातून काढतात ही, आणि गुडघ्यातली जाड असते ही. पहिली अर्धीच, आणि दुसरीतून काढलेला निष्कर्ष चुकीचा.

‘गादी काढून चिकटवतात.’ मजकुरातली गादी म्हणजे कूर्चा, हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत थर. कूर्चेला रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे कापलेली कूर्चा शेजारच्या कूर्चेला नीट जुळत नाही. हाड मात्र हाडाला जुळतं. सगळी शस्त्रक्रिया या एका गोष्टीवर उभी आहे. गुडघ्याच्या कमी वजन पेलणाऱ्या कडेवरून कूर्चेसकट हाडाची गोल खुंटी काढतात, साधारण ६ ते १० मिमी व्यासाची आणि १० ते १५ मिमी लांबीची. नडगीच्या हाडाखाली टॅलस नावाचं घुमटासारखं हाड असतं. त्याच्यावरचा खराब भाग निरोगी कड लागेपर्यंत खरवडतात, तिथे मापाचं भोक पाडतात आणि खुंटी त्यात दाबून बसवतात. गोंद नसतो. खुंटी काढायची नळी भोकाच्या नळीपेक्षा सुमारे १ मिमी मोठी घेतात, त्या घट्टपणावरच खुंटी तग धरते.

इथे चूक होते ती खोलीची. भोक खुंटीपेक्षा खोल झालं तर खाली आधार राहत नाही आणि खुंटी पुढे खचते. उथळ झालं तर ती वर राहते, मग ठोकावी लागते, आणि जोरात ठोकलं की वरच्या कूर्चेतल्या पेशी मरतात. म्हणून भोकाची खोली चारही बाजूंनी मोजतात. घुमटाच्या कडेला उतार असल्यामुळे एका बाजूची खोली दुसरीपेक्षा वेगळी येते. खुंटी काढताना नळी कूर्चेला काटकोनात धरली नाही, तर माथा तिरका येतो आणि एक कड वर, एक खाली राहते. तो तिरकेपणा नंतर ठोकून सरळ होत नाही.

‘गुडघ्यातली जाड, म्हणून टिकाऊ.’ टॅलसवरची कूर्चा १ ते १.७ मिमी जाड असते. गुडघ्यातली बहुतेक जागी २ मिमीच्या वर. वरचा माथा शेजारच्या कूर्चेच्या पातळीत आणला, तर खालचं हाड तेवढं खोल राहतं. त्यामुळे नंतरच्या एमआरआयमध्ये हाडाची पायरी दिसते आणि रुग्ण घाबरतो. वरची पातळी नीट असेल तर त्या पायरीत घाबरण्यासारखं नसतं. खरी अडचण वळणाची आहे. घोट्याची दोन हाडं एकमेकांत इतकी चपखल बसतात, की पातळ कूर्चेवर त्यांचं भागतं. गुडघ्याचा गोलवा वेगळा, आणि तिथे फरक सांभाळून घ्यायला मेनिस्कस, म्हणजे हाडांमधली लवचीक चकती, असतो. खरं तर गादी म्हणायची तर ती त्याला. घोट्यात तसं मधे काहीच नाही. भाराखाली घोट्यातली टेकणारी जागा सुमारे ३.५ चौरस सेंमी असते, गुडघ्यात सुमारे ११. साध्या चालण्यातही घोट्यावर शरीराच्या वजनाच्या जवळपास पाचपट भार येतो. ६० किलोच्या माणसाला तो ३०० किलोच्या आसपास जातो.

‘उंच बसली तरी दबते.’ सगळ्या मजकुरातलं सर्वांत घातक वाक्य हेच. यंत्रमागावर काम केलेल्याला हे वेगळं समजवायला नको. ताण्यातली गाठ मोठी राहिली तर ती फणीतून चालून चालून बारीक होत नाही, अडते आणि शेजारचे धागेही तोडते. मृतदेहांच्या घोट्यांवर दाब मोजून केलेल्या अभ्यासांत खुंटी पातळीत असताना दाब जवळपास मूळ घोट्यासारखा राहिला. ती १ मिमी उंच राहिली की सगळा भार तिच्या माथ्यावर गोळा झाला. खाली राहिली तर भार शेजारच्या कडेवर जातो. तेही वाईटच, पण त्यातल्या त्यात बरं. म्हणून शस्त्रक्रियेत खुंटी अर्धा मिमी खाली गेली तर बहुधा तशीच ठेवतात, वर राहिली तर मात्र सोडत नाहीत. उंच खुंटी समोरच्या नडगीच्या कूर्चेलाही घासते, म्हणजे एका जखमेच्या दोन होतात.

‘सगळं दुर्बिणीतून.’ दुर्बिणीतून होतं ते मायक्रोफ्रॅक्चर, म्हणजे खराब कूर्चा खरवडून खालच्या हाडाला बारीक भोकं पाडणं. त्यातून येणारी कूर्चा मूळ प्रकारची नसते, तंतुमय असते, पण लहान जखमेला ती पुरते. ही मर्यादा आधी १५० चौरस मिमी धरत, अलीकडे १०७ च्या आसपास धरतात. जखम याहून मोठी असेल, हाडात पोकळी असेल किंवा आधीचं मायक्रोफ्रॅक्चर फसलं असेल, तेव्हा खुंटीचा विचार होतो. खुंटीला घुमटाशी काटकोनात जावं लागतं आणि वर नडगीचं छत आहे. जखम बहुधा आतल्या बाजूला, मधोमध असते. तिथे पोचायला आतला घोटा, म्हणजे आतून हाताला लागणारा उंचवटा, कापून खाली उलटवावा लागतो.

कापण्याआधीच त्यात स्क्रूची दोन भोकं पाडून ठेवतात, तुकडा नेमका मूळ जागी परत यावा म्हणून. करवत शेवटपर्यंत नेत नाहीत. तिच्या पात्याच्या जाडीएवढं हाड खाल्लं जातं आणि उष्णतेने कूर्चा भाजते. शेवटचे काही मिमी छिन्नीने तोडतात. मागून जाणारा टिबियालिस पोस्टीरियरचा स्नायुबंध बाजूला धरून जपावा लागतो. नुसत्या दोन तिरप्या स्क्रूंवर तुकडा कधी वर सरकतो, म्हणून काही जण तिसरा आडवा स्क्रू घालतात. तुकडा सरकून जुळला तर सांध्यात पायरी पडते, आणि खुंटी कितीही सुंदर बसली असली तरी घोटा दुखतो.

‘दोन आठवड्यांत कामावर.’ दोन आठवड्यांत टाके निघतात, इतकंच. मग घोटा हलवायला सुरुवात होते, कारण कूर्चेचं पोषण सांध्यातल्या द्रवातून, हालचालीनेच होतं. भार मात्र सहसा ६ आठवडे नाही. खुंटीतलं जुनं हाड विरघळत जातं आणि त्याच्या जागी नवं भरत येतं. त्या काळात ती सुरुवातीपेक्षाही कमकुवत असते. तेव्हा वजन टाकलं तर खचते. कापलेला घोटा एक्सरेत जुळलेला दिसल्यावरच हळूहळू टेकवत भार वाढवायचा. पळणं, उड्या साधारण सहा महिन्यांनंतर, तेही पायाची ताकद परत आली असेल तर. उकिडवं बसण्याबाबत आणखी सावध राहावं लागतं. टॅलस पुढे रुंद आणि मागे अरुंद असतो. पाऊल पूर्ण वर वळलं की रुंद भाग खोबणीत शिरतो आणि सांधा घट्ट होतो. भारतीय पद्धतीच्या संडासाची सोय आधीच बदलून घ्यावी. मागासमोर सिमेंटच्या फरशीवर पाळीभर उभं राहणाऱ्याने काही महिन्यांची रजा धरावी. दिवाळीत शस्त्रक्रिया करून संक्रांतीला सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वज पेलायचा बेत असेल, तर तो आताच सोडावा.

‘संधिवातातही चालतं.’ नाही. खुंटी एका ठरावीक खड्ड्यासाठी असते. दोन्ही हाडांची कूर्चा सगळीकडे झिजली असेल तर हाडं एकमेकांना जुळवून सांध्याची हालचाल कायमची बंद करणं किंवा कृत्रिम सांधा, हे मार्ग आहेत. वारंवार मुरगळणारा सैल घोटा आणि वाकडी टाच हेही आधी किंवा सोबतच सुधारावं लागतं. टॅलस १ मिमी बाहेर सरकला तर टेकणारी जागा ४२ टक्क्यांनी घटते, असं रॅम्सी आणि हॅमिल्टन यांनी १९७६ साली मोजलं. पुढच्या काही मोजण्यांत घट यापेक्षा कमी आली, पण घट आलीच. मूळ कारण तसंच ठेवून नवी खुंटी बसवली, तर तीही त्याच जागी झिजते.

‘गुडघ्याला काही होत नाही.’ काहींचा गुडघा दुखतो, जिना उतरताना जास्त. निरोगी गुडघ्यावर नवी जखम करतो आहोत, हे सही करण्याआधी माहीत असलं पाहिजे.

पुण्याला दाखवायला जाताना रिपोर्टचा नुसता कागद नेऊ नये, एमआरआय आणि सीटीची सीडी न्यावी. एमआरआयमध्ये हाडाच्या सुजेमुळे जखम आहे त्याहून मोठी दिसते. पोकळीचं खरं माप सीटीत मिळतं. उभं राहून काढलेला एक्सरेही हवा, झोपून काढलेल्यात टाचेचा कल कळत नाही. आणि विचारायचं ते मिमीमध्ये: जखम किती बाय किती, खोल किती, घोटा कापावा लागेल का.