गळ्याला नको, छातीला लावा

१८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं महाराष्ट्राचा बैलगाडा शर्यतीचा कायदा वैध ठरवला. तरी गावाकडची चर्चा आजही त्याच दोन टोकांना बांधलेली दिसते: एकाला परंपरा दिसते, दुसऱ्याला क्रूरता. अलास्कात, जिथं कुत्र्यांची घसरगाडी हा १९७२ पासून राज्याचा अधिकृत खेळ आहे, तिथंही हजार मैलांच्या इडिटारॉड शर्यतीवरून असंच घमासान होतं. पण शनिवार-रविवारी एक-दोन कुत्रे घेऊन बर्फात उतरणाऱ्या हौशी लोकांच्या क्लबात बसलात, तर बोलणं फारच वेगळं चालतं. पट्टा कुठं घासतो, वाट कुणी खराब केली, पारा किती चढलाय. मला ही चर्चा जास्त कामाची वाटते.

वाटेचंच बघा. अँकरेजजवळच्या चुगिअ‍ॅक भागात बीच लेकला कुत्र्यांच्या गाड्यांसाठी वाटा राखल्या आहेत. हिवाळ्यात तिथं पायी चालू नका म्हटलं की नवख्यांना तो माज वाटतो. कारण साधं आहे. स्नोमोबाइलमागे, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या मोटरगाडीमागे, जड फळी ओढून ताजा बर्फ दाबतात आणि तो रात्रभर गोठू देतात, तेव्हा सकाळी पृष्ठभाग टणक मिळतो. तो गोठायच्या आधी कुणी बुटानं चालत गेलं तर प्रत्येक पावलाचा खड्डा दगडासारखा घट्ट होतो. धावत्या कुत्र्याचा पाय त्यात अडकला की मनगट किंवा खांदा दुखावलाच. क्लबची वर्गणी पेट्रोलला जाते आणि सभासदांच्या संध्याकाळी फळी ओढण्यात. नगरपालिकेशी हुज्जत घालायची ती वेगळीच.

मग पट्टा. जू घासून बैलाचा खांदा आला म्हणजे काय, हे आपल्याकडच्या गाडामालकाला शिकवावं लागत नाही. कुत्र्याचंही तेच. गळपट्ट्याला दोरी बांधून ओढायला लावलं की श्वासनलिका दाबली जाते. म्हणून ओढीचा पट्टा वेगळा: गळ्याशी दोन बोटं जातील इतका घट्ट, जोर छातीच्या हाडावर, खांदा पुढं जायला मोकळा. लांब पट्टा शेपटीच्या मुळाशी संपतो. बसल्या जागी बरोबर वाटणारा पट्टा ओढ पडल्यावर सरकून गळ्यावर चढतो, हा नेहमीचा घोटाळा. म्हणून मागून दोरी ताणूनच माप बघायचं.

स्कीवर उभं राहून कुत्र्याकडून ओढून घ्यायचं असेल तर कमरेला रुंद पट्टा, त्याला झटक्यात सुटणारी कडी आणि मध्ये लवचीक भाग असलेली अडीच-तीन मीटर दोरी लागते. धातूच्या कडा असलेल्या स्की चालत नाहीत. त्या कुत्र्याचे पाय कापतात. हाडं पुरती वाढेपर्यंत, म्हणजे साधारण वर्ष-दीड वर्षाच्या आत, कुत्र्याला जुंपत नाहीत. उजवीकडे ‘जी’, डावीकडे ‘हॉ’, दुसऱ्याला ओलांडून सरळ पुढं जायला ‘ऑन बाय’. हे शेवटचं न शिकवता गर्दीच्या वाटेवर उतरणाऱ्याला माझ्या मते घरीच पाठवावं. दोऱ्यांचा गुंता आणि चावाचावी तिथूनच सुरू होते. मूस, म्हणजे तिकडचं भलंमोठं हरीण, समोर आला तर मात्र थांबायचं. खोल बर्फ टाळायला तोही हीच दाबलेली वाट धरतो, आणि कुत्रे त्याला लांडगेच वाटतात. १९८५ च्या इडिटारॉडमध्ये स्पर्धक सुसान बुचर यांच्या दोन कुत्र्यांचा जीव अशाच मूसनं घेतला.

कुत्र्यांच्या या खेळात सगळं सोवळं आहे असं नाही. मोठ्या कुत्रेशाळांत कुत्रे साखळीला बांधलेले असतात, आणि त्यावर होणारी टीका मला रास्त वाटते. पण एक फरक सांगायला हवा. ओढायचं नसलेला कुत्रा सरळ खाली बसतो आणि हौशी माणसाची सकाळ तिथंच संपते. बैलाला ती सवलत कोण देतं? महाराष्ट्रात शर्यतीला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, चाबकाला मनाई आहे. कागद ठीक आहे. तो घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, पाळला जातो का, हे बघायला गाडामालकांचीच जागती संघटना हवी. ‘बंदी की परवानगी’ या भांडणात ती कुणाला आठवत नाही.

आता पुण्या-मुंबईत हस्की, म्हणजे बर्फातल्या ओढीच्या जातीचा कुत्रा, पाळणाऱ्यांबद्दल. कुत्र्याला अंगभर घाम येत नाही; उष्णता बाहेर टाकायची ती मुख्यतः धापा टाकून, आणि दमट हवेत तेही जमत नाही. पारा पंधराच्या वर गेला की या खेळातले अनुभवी लोक पल्ला तोडतात किंवा पट्टा खुंटीलाच ठेवतात. म्हणजे मुंबईत हा खेळ नाहीच. पुण्यात डिसेंबर-जानेवारीची पहाट, मातीचा रस्ता आणि कंबरपट्टा लावून एक-दोन किलोमीटर धावणं, एवढंच. दोन तास आधी कोमट पाण्यात थोडं मटणाचं पाणी मिसळून पाजा, नुसतं पाणी बरेच कुत्रे पीत नाहीत. पोटभर जेवण मात्र धावून, थंड झाल्यावर. जीभ रुंद होऊन बाजूला लोंबायला लागली आणि चाल डगमगली, की अंतर कितीही उरलं असो, सावलीत थांबायचं आणि पोटावर, जांघेत पाणी ओतायचं.